कोतवालाचे कान

मुलांनो, आणि मुलांच्या आडून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, फार जुन्या काळी एका राज्यात तुळसा नावाची कासारीण राहत होती. बांगड्या भरायला ती घरोघर जायची. बांगडी चढवताना हात सैल सुटावा लागतो, म्हणून ती बायकांना बोलतं करायची. हसता-बोलता हात मऊ व्हायचा आणि बांगडी मनगटात जायची. गावाचं सुखदुःख असं तिच्या कानावर यायचं आणि तिथंच राहायचं.

एकदा राजाच्या पागेतले घोडे चोरीला गेले. कोतवाल तुळसाच्या ओसरीवर आला.

"बाई, तू घरोघर फिरतेस. कुठं अनोळखी माणूस दिसला तर तेवढं कानावर घाल. ज्यानं काही केलं नाही, त्याला भीती कसली?"

तुळसाला पटलं. तिनं सांगितलं, चोर सापडले. गाव खूश झाला.

पण कोतवालाचं येणं काही थांबलं नाही. आज कोणाकडे पाहुणे आले? त्या घरात कशावरून वाजलं? राजाच्या मिरवणुकीला कोण हसलं? "सहज विचारतो," असं तो म्हणायचा, आणि तुळसाही सहज सांगायची. एकदा सगुणा कोष्टीण बांगड्या भरताना म्हणाली होती, "महाराजांच्या हत्तीपेक्षा आमची म्हैस ऐटीत चालते!" तेही तिनं सांगितलं. कोतवाल पोट धरून हसला. दुसऱ्या दिवशी शिपाई आले आणि सगुणाच्या नवऱ्याला घेऊन गेले.

तेव्हापासून बायका तुळसासमोर बोलेनात. हात ताठ धरून बसायच्या. बांगड्या पिचायच्या, मनगटं रक्ताळायची. सगळ्या गावालाच तो संशय जडला. शेजारीण विस्तव मागायला आली, तरी वाटायचं, ही घर बघायला आलीय.

एके सकाळी कोतवाल तुळसाला म्हणाला, "कितीही सांगितलं तरी आमचं पोटच भरत नाही म्हणे?"

हे ती चुलीपुढं बोलली होती, आणि ऐकायला फक्त नवरा होता. की भिंतीपलीकडं कोणी होतं? त्या दिवसापासून ती नवऱ्याला मुकाट्यानं वाढू लागली. तोही तिच्याकडं चोरून बघायचा.

उन्हाळ्यातल्या एका दुपारी परसात नवऱ्याला साप चावला. तुळसा गल्लीत धावली. "अहो, कोणीतरी या हो! धन्याला पान लागलं!"

दारांच्या फटींतून डोळे दिसले, पण दार एकही उघडलं नाही. वैद्यानं आतूनच विचारलं, "खरंच चावलाय, की कोतवालानं पाठवलंय?" त्याची खात्री पटेपर्यंत विष चढलं होतं.

नवऱ्यानं तिचा हात धरला. "तुझं बोलणं मीच कोतवालाला सांगायचो गं. तो म्हणायचा, तूही माझं सांगतेस."

"तुमच्याबद्दल चकार शब्द काढला नाही हो मी!" तुळसा म्हणाली. पण ऐकणारा राहिला नव्हता.

संध्याकाळी मागच्या दारानं सगुणा आली. पदराखाली भाकरी होती. तिच्यामागून आणखी दोघी-तिघी आल्या. तुळसानं तिचे पाय धरले. "सगुणा, तुझं घर मी मोडलं."

"आधी दोन घास खा," सगुणा म्हणाली. "राग मला उद्याही येईल."

तिसऱ्या दिवशी कोतवाल आला. "कोण कोण आलं होतं भेटायला? काय बोलत होत्या?"

तुळसा उंबऱ्यात उभी राहिली.

"कोणी आलं नव्हतं," ती म्हणाली. "आणि यापुढं माझ्याकडून तुम्हाला काही मिळायचं नाही."

कोतवाल वळला, शेजारच्या दाराशी गेला आणि गोड आवाजात त्यानं कडी वाजवली, "आहे का कोणी घरात? सहज आलो होतो."

घरोघरी कान लावले की चोर सापडतातही, पण माणसांचा एकमेकांवरचा विश्वास चोरीला जातो, आणि त्याची फिर्याद कुठल्याच कोतवालाकडं करता येत नाही.