एका वेळी एकच

एका गावात एक भोळा गुणाजी होता. गावाला नाव आहे, पण गुणाजीमुळे गावकरी ते बाहेर सांगत नाहीत. त्याच्या बहिणीला, रत्नीला, आजवर दोन स्थळं येऊन परत गेली होती. दोन्ही वेळा पाहुणचार गुणाजीकडे होता. जास्त सांगायला नको.

तिसरं स्थळ यायचं त्या सकाळी आईने त्याला बाजूला घेतलं.

"पोरगा रत्नीच्या मनात भरलाय. हे स्थळ हातचं गेलं तर बघ! पाहुण्यांना एकावर सोडायचं नाही. नको म्हणाले तरी आग्रह करायचा."

"कळलं," गुणाजी म्हणाला. त्याला सगळं लगेच कळायचं, तीच तर पंचाईत होती.

पाहुणे आले. मुलाचे वडील आबा इंगवले गुडघा धरूनच जीपमधून उतरले. "गुडघा लई ठणकतोय. दुखण्याची गोळी हाय का घरात?"

गुणाजीने फडताळातून गोळ्या काढल्या. एक दिली.

"बास," आबा म्हणाले.

"असं कसं? एकावर सोडायची पद्धत नाही आमच्यात. माझी शपथ हाय!"

शपथेखातर आबांनी रिकाम्या पोटी तीन गोळ्या गिळल्या. तासाभरात पोट धरून आडवे झाले. गुडघा ठणकायचा थांबला असावा. त्याबद्दल ते काही बोलेनात.

डॉक्टर आले. आबांना औषध दिलं आणि मग गुणाजीला धारेवर धरलं.

"शहाण्या, ही गोळी आहे, जिलबी नाही! एका वेळी एकच. आठ तासांच्या आत दुसरी नाही. तीही काही खाल्ल्यावर. आणि देण्याआधी विचारायचं. अल्सर आहे का, किडनीचं दुखणं आहे का, बीपी आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, बाई असेल तर दिवस गेलेत का. यातलं एक जरी असलं, तर मला विचारल्याशिवाय द्यायची नाही!"

"कळलं," गुणाजी म्हणाला.

दुपारी आबांना उतार पडला. माणूस दिलदार. म्हणाले, "व्हतं असं. पोरगी पसंत हाय. जेवून सुपारी फोडू. तिलाबी आमच्याच पंगतीला बसवा."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. पुरणपोळ्यांचं ताट गुणाजीच्या हातात देत ती म्हणाली, "सकाळी जे शिकलास ते आता तरी विसरू नकोस."

गुणाजी विसरला नाही.

"आबा, बीपी हाय का?"

"हाय थोडं."

गुणाजीने वाढलेली पोळी उचलून घेतली. "मग डॉक्टरांना विचारल्याबिगर नाही."

नवरा मुलगा धडधाकट निघाला. त्याला पोळी मिळाली. त्याने दुसरी मागितली.

गुणाजीने घड्याळ बघितलं. "रात्री नऊला."

पंगत हसली. मुलगाही रत्नीकडे बघून हसला. पोळीवाचून काही कुणाचं लग्न मोडत नाही.

मग गुणाजी रत्नीच्या पानापुढे आला. सगळ्यात मऊ पोळी त्याने तिच्यासाठी राखून ठेवली होती. बहिणीवर त्याचा फार जीव. म्हणून तिला त्याने अगदी काळजीने, सगळ्या पंगतीला नीट ऐकू जाईल असं विचारलं,

"रत्ने, खरं सांग हं. तुला दिवस गेलेत का?"