बांधाचे दगड

फार फार वर्षांमागे, भर समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटावर उंदीर राहत असत. राज्य मात्र पलीकडच्या किनाऱ्यावरच्या घारीचं. उंदरांनी भांडभांडून तिच्याकडून स्वराज्य मिळवलं आणि त्याच संध्याकाळी सगळेच्या सगळे मंत्री झाले.

आता मंत्री म्हटल्यावर तो वाळूत कसा बसणार? प्रत्येकाला दगडाचं आसन हवं. बेटावर दगड होते ते फक्त बांधात. भरतीचं पाणी अडवायला वाडवडिलांनी तो रचला होता. "एखादा दगड काढल्यानं काय होतंय?" असं म्हणत प्रत्येकानं आपापला दगड सभेत लोटत आणला. मुख्यमंत्र्यांनी मानाला शोभेल असा पायाचाच काढला.

अंडी घालायला आलेली कासवीण हे बघून हादरली. "अहो, अमावास्येची भरती येतेय. माझी अंडी वाळूत आहेत, तुमची पिल्लं बिळांत. आधी दगड परत लावा!"

"बाई, तुम्ही बाहेरच्या," मुख्यमंत्री मिशा फेंदारून म्हणाले. "आमच्या कारभारात नाक खुपसू नका. भरतीचा विषय पुढच्या सभेत घेऊ."

भरतीला सभेचं निमंत्रण लागलं नाही. पाणी आत घुसलं, बिळं भरू लागली, तसे सगळे मंत्री आपापल्या आसनावर उभे राहिले.

"बांध गेला कुठे?" मुख्यमंत्री गरजले. "चौकशी समिती नेमा!"

"समिती कशाला?" सापडतील तेवढी पिल्लं पाठीवर घेत कासवीण ओरडली. "सगळ्यांनी खाली उतरा, लगेच सापडेल!"

पण आपण उतरलो तर शेजारचा आपली जागा बळकावेल, म्हणून कोणीच उतरलं नाही.