दुसरा ठोका
माणसांनी अजून ताल मोजायला घेतला नव्हता, तेव्हाची गोष्ट. तळ्याकाठच्या वाळक्या बाभळीवर एक म्हातारा सुतारपक्षी राहायचा आणि बगळ्यांच्या पिल्लांना नाच शिकवायचा. तो खोडावर चोच आपटायचा. पहिल्या ठोक्याला पिल्लांनी पाय उचलायचा, दुसऱ्याला टेकवायचा. कुणी चुकलं की गुरुजी दिवसभर बोलायचे नाहीत.

धवली नावाच्या पिल्लाला ते ठोके झोपेतही ऐकू यायचे. एकदा ती भीत भीत म्हणाली, "गुरुजी, आज मी ठोका देऊन बघू?"

"तू आपला पाय सांभाळ," गुरुजी म्हणाले. "ठोका माझा. तो पडल्याशिवाय कुणी पाय टेकवायचा नाही."

धवलीनं पुन्हा कधी विचारलं नाही.

थंडीतल्या एका सकाळी गुरुजींनी पहिला ठोका दिला. सगळ्या रांगेनं पाय उचलला. दुसरा आलाच नाही. गुरुजी खोडावरून घसरून गवतात निपचित पडले होते.

दुसरा ठोका धवलीला आतून स्वच्छ ऐकू आला. खोडही चोचीच्या टप्प्यात होतं. पण ठोका गुरुजींचा होता. ती आसवं गाळत तशीच उभी राहिली, आणि तिच्याकडे बघून बाकीचेही.

अजून तळ्याकाठी बगळे एका पायावर उभे असतात. लोकांना वाटतं, माशांवर टपलेत.