पीठ घशाचं

“गुरुजी, चाळीस वर्षांत तुमचा घसा एकदाही बसला नाही?”

असंच मी विचारलं असावं. की पाटीवर लिहून दाखवलं? आता खात्री देता येत नाही. त्या दिवसांत माझा निम्मा शब्द उमटे, निम्मी नुसती हवा.

डॉक्टर म्हणाले होते, स्वरयंत्रावर गाठी आहेत. असंच ओरडत राहिलात तर शिकवणं सोडावं लागेल. दोन पदव्या घेऊनही मला दुसरं काही येत नव्हतं.

तातोबा गुरुजींची शाळा माझ्या शाळेसारखीच. वर पत्रा, शेजारी पिठाची गिरणी, एका खोलीत साठ मुलं. मी गेलो होतो औषध विचारायला. ज्येष्ठमध, एखादा काढा...

“बसा, एमे,” ते म्हणाले. ते मला पदवीनंच हाक मारत.

त्यांचा फळा खोलीच्या टोकाला नव्हता. लांब भिंतीच्या मधोमध होता आणि मुलं त्याच्याभोवती अर्धगोलात बसली होती. सगळ्यांत लांबचं मूलही सात-आठ पावलांवर.

“पाव आणि अर्धा मिळून...”

गिरणी सुरू झाली. पत्रा थरथरला.

गुरुजी गप्प झाले. खडूनं फळ्यावर भाकरी काढली, चार भाग केले, तीन रंगवले. मुलं पाटीवर उतरवू लागली.

गिरणी थांबली.

“पाऊण!” मुलंच म्हणाली.

मला राहवलं नाही. “माझा आवाज गिरणीच्या वर चढायचा, गुरुजी.”

“मग गिरणी बंद पडायची?”

“...नाही.”

“दळण तिचं, एमे. पीठ तुमच्या घशाचं.”

मुलं खदखदून हसली. मी ओशाळलो.

“पण घशाला काय लावू?”

त्यांनी कपाटातून हातोडी काढून माझ्या हातात दिली.

“घशाला काही नको. फळ्याचे खिळे उपटा.”

सोमवारी मी माझ्या वर्गातला फळा लांब भिंतीवर हलवला. त्यानंतर सव्वीस वर्षं शिकवलं.

गुरुजी गेल्यावर, बऱ्याच वर्षांनी, त्यांच्या शाळेचं जुनं शेरेबुक मुद्दाम मागवून पाहिलं. मी त्यांना मनात उगाच मोठं करत आलो की काय, अशी शंका होती. तपासणीला आलेल्या साहेबांचा शेरा होता : ‘शिक्षकाचा आवाज दारापर्यंत येत नाही.’

खाली गुरुजींचं अक्षर :

‘दारात विद्यार्थी बसत नाहीत. साहेबांनी आत यावे.’