कोंडाबाईची हाळी

फार वर्षांपूर्वी, घाटात गाडीवाट नव्हती आणि कोकणातलं मीठ बैलांच्या पाठीवरून देशावर चढत होतं, त्या काळातली ही गोष्ट. उंबरनाळ म्हणजे कड्यातली अरुंद घळ; तिचा खडा चढ चढून माथ्यावर आलं की पहिलं घर लागायचं ते कोंडाबाईचं. घर तरी कसलं, कारवीच्या कुडाच्या दोन खोल्या, पुढे लांबलचक ओटी आणि ओटीच्या टोकाला सदा धुमसणारी चूल. पण खाली बंदरावर आणि वर देशावरच्या बाजारात, दोन्हीकडे त्या घराचं नाव होतं. नाळ चढताना धाप लागली की बैलवाले एकमेकांना म्हणायचे, "जीव जायचाच असंल तर जाऊ दे बाबा, पण कोंडाबाईकडं जेवून मग जाऊ दे."

कोंडाबाईच्या आधीची चार भावंडं पाळण्यातच गेली होती. पाचवी तरी कुणाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून आईनं तिचं नाव कोंडा ठेवलं, आणि ती जगली. नवरा लवकर गेला, तेव्हा पदरात लुमाजी नावाचा एक मुलगा होता. तिच्याजवळ दोनच गोष्टी भरपूर होत्या, हाताला चव आणि गळ्याला आवाज. त्या दोन गोष्टींवर तिनं वाटसरूंचा उतारा चालवला.

ओटीवर आलेल्याला आधी पाय धुवायला ऊन पाणी मिळायचं, मग गुळाचा खडा, मग पान. तव्यावरची नाचणीची भाकरी थेट पानावर यायची. सोबत कुळथाचं पिठलं, त्यावर लसणाची चरचरीत फोडणी, ताकाची कढी, पावसाळ्यात रानातली भारंगीची भाजी, आणि घरच्या कोंबडीची मेहेरबानी झालीच तर अंडं. पाहुण्यानं हात आखडता घेतला की ती खेकसायची, "पोटात धोंडे भरल्यात का रं? घे अजून अर्धी." जेवून उठेपर्यंत ती कुणाला नाव, गाव, जात विचारत नसे. जाताना बैलवाले पसाभर मीठ, चार मुठी भात, जे असेल ते तिच्या कणगीत ओतून जात, आणि कोण किती ओततो तिकडे ती पाठ करून उभी राहायची.

आता हाळीचं सांगतो, कारण सगळी गोष्ट त्या हाळीची आहे. रोज दुपारी, घरातल्या माणसांनी जेवायला बसायच्या आधी, कोंडाबाई हातात उलथनं घेऊन ओटीच्या कडेला उभी राहायची आणि नाळेकडे तोंड करून तीनदा ओरडायची, "जेवायचं कुनी ऱ्हायलंय का? या रंऽऽ!" मग माणूस चालत येईल इतका वेळ वाट पाहायची. कुणी आलं तर जे शिजलं असेल त्यातलं अर्धं त्याचं. कुणी नाही आलं तरच घरच्यांनी हात धुवायचे.

ही हाळी नुसती जेवणाची नव्हती. नाळेच्या तोंडाशी वाट दुफाट्याला लागते. डावीकडची वाट कोंडाबाईच्या घराला येते. उजवीकडची गवतातून दीडशे पावलं जाते आणि कड्यावर संपते. आषाढ-श्रावणात तिथं असं धुकं उतरतं की स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही. म्हणून धुक्याच्या दिवसांत चढून आलेला माणूस, मग तो याच गावचा का असेना, दुफाट्यावरच्या दगडावर बसून राहायचा. हाळी आली की आवाजाच्या रोखानं चालू लागायचा. पंधरा वर्षांत तिची हाळी एकदाही चुकली नाही आणि पंधरा वर्षांत त्या कड्यानं एकही माणूस घेतला नाही. असं म्हणतात.

मग दुष्काळ पडला. दोन वर्षं आभाळानं तोंड फिरवलं. तिसऱ्या वर्षी पाऊस आला, पण पाऊस आला म्हणून लगेच पोट भरत नाही. नाचणीची रोपं वीतभर होती आणि कणग्या तळाला लागल्या होत्या. बैलांचे तांडे केव्हाच बंद पडले होते. नाळेतून आता मीठ येत नव्हतं, हाडं चालत येत होती. बाया, म्हातारे, पोरं काखेत मारलेले बाप, सगळे हाळी ऐकून ओटीवर यायचे. कोंडाबाई त्यांच्यापुढे अंबील ठेवायची. ती अंबील दर दिवशी जरा पातळ व्हायची.

लुमाजीची बायको धुरपा तेव्हा दिवसांत होती, आठवा सरत आला होता. लुमाजी म्हणाला, "आये, बंदरावर तांदूळ आलाय म्हनत्यात. मी जातो. पंध्रा दिसांत येतो." तो पावसाला आडोसा म्हणून विणलेलं पानांचं इरलं डोक्यावर घेऊन नाळ उतरला. पंधरा दिवस झाले, वीस झाले.

वाघजाईचा पुजारी सखोबा गुरव एक दिवस ओटीवर आला. माणूस वाईट नव्हता. त्याच्याही घरात तीन तोंडं उपाशी होती.

"वैनी," तो म्हणाला, "ह्या तुमच्या हाळीनं मानसं जमत्यात. सून दोन जिवांची हाय. आता हाळी पुरं करा."

"तुझ्या देवीला सांग, दिवा पुरं म्हनून," कोंडाबाई म्हणाली. "मग मला सांगाय ये."

सखोबा खाली मान घालून गेला. पण बोललेलं मागे राहतं. ते कोंडाबाईच्या मनात राहिलं.

आणि तो दिवस उगवला. कणगी झाडून, सूप झटकून एका भाकरीचं पीठ निघालं. त्या सकाळी धुरपा जात्यापाशीच भोवळ येऊन पडली होती. कोंडाबाईनं तिला आत निजवलं, भाकरी थापली, तव्यावर टाकली, शेकली. दुपार झाली. धुकं ओटीच्या पायरीपर्यंत आलं होतं. उलथनं हातात घेऊन ती कडेला उभी राहिली आणि तिनं तोंड उघडलं.

हाळी दिली तर कुणीतरी येणार. आलं की अर्धी भाकरी त्याची. उरलेल्या अर्धीवर आत निजलेली पोर आणि तिच्या पोटातला जीव, दोघं तगतील का? ती तशीच उभी राहिली, तोंड उघडं ठेवून. मग तिनं तोंड मिटलं आणि ती आत गेली.

धुरपानं डोळे उघडून विचारलं, "आत्याबाई, आज हाळी ऐकू न्हाई आली?"

"दिली की. तुझ्या कानात वारं भरलंय. खा."

कोंडाबाईनं तिला आपल्या हातानं घास भरवले. धुरपानं अख्खी भाकरी खाल्ली, पानावर पडलेला चुरासुद्धा टिपून घेतला. तिच्या तोंडावर जरा रंग आला. आणि कोंडाबाईला बरं वाटलं. हे सांगायलाच हवं, कारण सांगणारे हे गाळतात. त्या दुपारी तिला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी धुकं विरलं. दुफाट्यापलीकडच्या वाघजाईला दिवा लावायला गेलेला सखोबा हातात एक इरलं घेऊन ओटीवर आला.

"वैनी, दुफाट्याच्या दगडावर पोतं हाय. तांदूळ हाय त्यात. त्याच्यावर ह्ये झाकलं हुतं."

कोंडाबाईनं इरल्याकडे पाहिलं. ते तिनंच विणलं होतं. ती उठली आणि दुफाट्याकडे चालू लागली.

दगडावर पोतं होतं. तोंडाची गाठ तशीच होती, दुहेरी, आईनं शिकवलेली. बंदरापासून इथवर त्यानं त्यातला एक दाणा तोंडात टाकला नव्हता. तांदूळ भिजू नये म्हणून इरलं त्याच्यावर घालून तो स्वतः उघडा बसला होता. दगडाच्या अंगाला काठी टेकवलेली होती. चिखलात पावलं उमटली होती. उजवीकडे पाच-सहा पावलं जाऊन परत दगडाशी आली होती. पुन्हा दहा-बारा पावलं जाऊन परत आली होती. तिसऱ्यांदा गेली होती ती परत आलीच नव्हती.

हे मात्र 'असं म्हणतात'मधलं नाही. हे घडलेलं आहे.

दोर सोडून लुमाजीला कड्याखालून वर काढलं आणि ओटीवर आणून ठेवलं. सगळं गाव जमलं. म्हातारी माणसं म्हणाली, धुक्यानं नेला. सगळ्यांनी माना हलवल्या. तेवढ्यावर गोष्ट मिटली असती, कारण कुणाला काही ठाऊक नव्हतं आणि कुणी काही विचारलंही नव्हतं.

"धुक्यानं न्हाई," कोंडाबाई म्हणाली. "काल म्या हाळी दिली न्हाई."

नवऱ्याच्या पायाशी बसलेल्या धुरपानं मान वर केली.

"मला दिली म्हनलात."

"खोटं बोलले."

धुरपानं आपल्या पोटावर हात ठेवला. "म्हंजे त्येंच्या वाटची भाकरी म्या खाल्ली," ती म्हणाली.

दहा दिवसांच्या सुतकात घरची चूल पेटली नाही. सखोबाची बायको आपल्या तोंडचं काढून धुरपापुरती पेज आणून द्यायची. पोतं कोपऱ्यात तसंच होतं. सासू-सून एका घरात राहून एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. कोंडाबाई दिवसभर ओटीवर बसून दुफाट्याकडे बघायची. तिचा आवाज बसला होता. पाणी मागायलाही ओठच हलायचे.

अकराव्या दिवशी सखोबा आला. "वैनी, ह्यो तांदूळ सुनंसाठी राखा. बाळंतीन व्हईल, तिला लागंल. आता हाळीचं नाव काढू नका." त्याचे डोळे भरले होते, आणि या वेळी त्याचं कुणीही ऐकलं असतं.

पोत्याची गाठ धुरपानं सोडली. तिनं तांदूळ धुतले, मोठं पातेलं चुलीवर चढवलं, आणि भाताला कढ आल्यावर सासूसमोर येऊन उभी राहिली.

"आत्याबाई, हाळी द्या."

कोंडाबाईनं नकारार्थी मान हलवली आणि तिच्या पोटाकडे बोट दाखवलं.

"द्या म्हनते ना. न्हाईतर ह्यातलं एक शीत माझ्या गळ्याखाली उतरायचं न्हाई."

कोंडाबाई खांबाला धरून उठली. ओटीच्या कडेला गेली. तिनं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. पुन्हा उघडलं, पुन्हा नुसता वारा. तेव्हा धुरपा तिच्या शेजारी आली, दोन्ही हातांनी पोट सावरून धरलं आणि ओरडली, "जेवायचं कुनी ऱ्हायलंय का? या रंऽऽ!" ते ऐकलं आणि कोंडाबाईच्या गळ्यातून दुसरी हाळी आपसूक बाहेर पडली. ती इतकी मोठी होती की पलीकडच्या डोंगरावर गुरं उठून उभी राहिली. असं म्हणतात.

त्या दुपारी चाळीस माणसं जेवली. दुसऱ्या दिवशी साठ. नाचणीची कणसं भरेपर्यंत, म्हणजे चांगले दोन महिने, एका माणसाच्या पाठीवर आलेलं ते पोतं पुरलं. काही शहाणे सांगतात की येणारेही रानातून कंद आणि भाजी आणून पातेल्यात टाकायचे, म्हणून पुरलं. मी वाद घालत नाही. पोतं संपलं नाही, एवढं तेही कबूल करतात. कोंडाबाईनं त्यातलं शीतही कधी खाल्लं नाही, आणि पुढे उभ्या जन्मात तिनं भात तोंडाला लावला नाही.

धुरपाला मुलगी झाली आणि ती जगली. सासू-सून त्यानंतर तीस वर्षं एका घरात राहिल्या. एक रांधायची, एक हाळी द्यायची. पुन्हा बैल आले, मीठ आलं, पिठल्यावर फोडणी पडू लागली, ओटीवर माणसं पोट धरून हसू लागली. पण 'माफ केलं' असं धुरपा कधी म्हणाली नाही आणि कोंडाबाईनंही ते कधी मागितलं नाही. हाळी दिल्यावर वाट पाहायचा तेवढा वेळ मात्र दोघी ओटीवर शेजारी उभ्या राहायच्या, आणि दोघींची नजर दुफाट्यावर असायची.

अशाच एका श्रावणातल्या दुपारी, धुकं पायरीशी आलेलं असताना, म्हाताऱ्या कोंडाबाईनं एक हाळी दिली, दुसरी दिली, आणि तिसरीला ती खांबाशी हळूच खाली बसली. धुरपा पिठाच्या हातांनी धावत आली. सासूचा श्वास थांबला होता. धुरपानं आधी तिसरी हाळी दिली. मग वाट पाहिली. मग तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि रडली.

तेव्हापासून धुक्याच्या दिवसांत दुफाट्यावर बसलेल्याला भर दुपारी दोन हाळ्या ऐकू येतात, ओटीवर कुणी नसलं तरी. असं म्हणतात. तिसरी मात्र येत नाही. ती जिवंत माणसानं द्यायची असते.

आता घाटातून डांबरी रस्ता गेलाय, नाळेनं फारसं कुणी चढत नाही. कुडाचं घर केव्हाच पडलं. ओटी दगडात बांधून घेतलीय आणि गावातली घरं पाळीपाळीनं तिथं चूल पेटवतात. आषाढाच्या पहिल्या दिवसापासून श्रावण सरेपर्यंत, ज्याची पाळी असेल तो दुपारी कडेला उभा राहतो. दोन हाळ्यांइतका वेळ गप्प राहतो, कारण त्या तिच्या. मग एक हाळी देतो, माणूस चालत येईल इतका वेळ थांबतो, आणि मगच पान वाढतो. पहिली पाळी अजून गुरवाच्या घराची असते.

नवी सून पहिल्यांदा हाळी द्यायला उभी राहते, तेव्हा म्हाताऱ्या बाया तिला एकच गोष्ट शिकवतात. पातेलं भरलेलं असेल तर हाळी कशीही दे. पण ज्या दिवशी पातेल्यात कमी असेल, त्या दिवशी जरा मोठ्यानं दे.