खंडेनवमीला गळणारं चाक

काटेगडच्या महाराजांच्या ट्रकचं मागचं डावं चाक गळत होतं, आणि ते गळतंय असं म्हणायची दरबारात कुणाची छाती नव्हती.

दिवस खंडेनवमीचा. सकाळीच ट्रकची पूजा झाली होती. बॉनेटवर झेंडूची माळ, प्रत्येक चाकापाशी एकेक नारळ फोडलेला. दुपारी हिंदुराव महाराज त्याच ट्रकमधून, मागे वाजंत्री बसवून, घाट उतरून नदीकाठच्या देवीला जाणार होते. ड्रायव्हर हैबतीनं हात जोडून सांगितलं की चाकाखाली ओल आहे, ब्रेकचा ड्रम उघडून पाहावा लागेल.

महाराजांनी मान हलवली. पूजेला लागलेल्या हत्याराला खंडेनवमीच्या दिवशी हात लावायचा नाही, ही काटेगडची रीत. नट खोलायचे पाने आणि हातोड्या पाटावर फुलांखाली विसावल्या होत्या.

"पाना न उचलता काय गळतंय ते सिद्ध कर," महाराज म्हणाले. "नाहीतर गुमान गाडी काढ."

दिवाणजींनी निर्वाळा देऊनही टाकला. ते फोडलेल्या नारळाचं पाणी, म्हणजे साक्षात तीर्थ. चाकावर रंगवलेल्या राजसिंहाचे पाय पुसट झाले होते, त्याचंही कारण त्यांच्याकडे होतं. सिंह धावतो आहे, मग पाय दिसतील कसे?

हैबतीची बायको तान्हू राजवाड्याची परटीण. धुतलेले फेटे घेऊन ती तिथंच उभी होती. घाटात ब्रेक गेला तर आधी आपला नवरा जाईल, मग वाजंत्री, मग महाराज, एवढा हिशेब तिनं उभ्याउभ्या केला आणि पुढे झाली.

"दिवाणजी, तीर्थ आहे तर घ्या की ओंजळभर."

दिवाणजींना एकदम आपला उपास आठवला. उपासाला तीर्थ चालतं, हे मात्र आठवलं नाही.

"नारळाच्या पाण्याला मुंग्या लागतात. पुढच्या चाकापाशी बघा, रांग लागलीय. इथं एक तरी दिसते का?"

मग ॲक्सलचं तेल असेल, दिवाणजी म्हणाले. थोडं गळायचंच.

तान्हूनं घंगाळभर पाणी मागवलं. चाकाखालचे चार थेंब पानावर घेऊन त्यात सोडले. वर ना तवंग आला, ना तेलाचा डोळा. थेंब पाण्यात मिसळून गेले. तिनं सांगितलं, हैबतीचे कपडे ती धुते. ॲक्सलच्या तेलाचा डाग सोडा घालून आपटला तरी हटत नाही. ब्रेकचं तेल नावालाच तेल, साध्या पाण्यात निघून जातं. आणि रंगावर सांडलं तर रंग खातं. सिंहाचे पाय त्यानंच खाल्ले.

"पण ते चाकातूनच येतंय कशावरून?" महाराजांनी विचारलं.

"सरकारांनी स्वतःच बघावं. वर बसून ब्रेक दाबावा. पाय म्हणजे काही पूजेतलं हत्यार नव्हे."

महाराज जरीच्या जोड्यानिशी वर चढले आणि ब्रेक दाबला. ड्रमच्या मागून टपकन थेंब पडला. पाय काढला, थेंब थांबले. पुन्हा दाबला, पुन्हा टपटप. तिसऱ्यांदा पेडल थेट तळाला जाऊन टेकलं.

"पाहिलंत?" दिवाणजी भारावून म्हणाले. "महाराजांच्या पायाखाली पेडलसुद्धा नमतं!"

महाराजांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग खाली उतरणाऱ्या घाटाकडे पाहिलं. चेहरा जरा उतरला, पण हट्ट उतरेना.

"ड्रममध्ये ब्रेक गळतोय, कबूल. पण आज दुरुस्ती नाही आणि मुहूर्त टळणार नाही. रीत ती रीत. ट्रक जाणार."

हैबतीनं मुकाट्यानं दार उघडलं. तान्हूनं ते लावून टाकलं.

"सरकार, पान्याला आज हात का लावायचा नाही?"

"त्याची पूजा झाली म्हणून."

"आणि ट्रकची सकाळी काय झाली?"

बॉनेटवरच्या झेंडूच्या माळेकडे सगळ्यांची नजर गेली. महाराजांच्या मिशा आधी थरथरल्या, मग ते असे खदखदून हसले की वाजंत्र्यांना वाटलं निघायची खूण झाली, आणि त्यांनी सनई सुरू केली.

महाराज चालत घाट उतरले. जाण्याआधी हातातलं सोन्याचं कडं त्यांनी तान्हूला दिलं, आणि तान्हूनं चाकं पाहिल्याखेरीज ट्रक हलायचा नाही, असा हुकूम केला. दिवाणजींना त्यांनी मागेच ठेवलं, दसरा उजाडेपर्यंत चाकापाशी बसून तीर्थ गोळा करायला.