दोन चक्क्या, एकच पाट

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांना अजून नावं पडायची होती आणि गाढवं मनातलं बोलून दाखवत असत. लहानांनी ती गंमत म्हणून ऐकावी. ज्यांची दळणं आता धान्याची नसतात, दूर कुठेतरी दुसऱ्याच्या संगणकांवर, क्लाउडवर चालतात, अशा मोठ्यांनी मात्र जरा कान देऊन ऐकावी.

एका घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. घाटमाथ्यावर राजाचं अन्नछत्र होतं. चढून दमलेल्या वाटसरूला तिथे गरम भाकरी मिळे. त्याला कुणी जात विचारत नसे, गाव विचारत नसे. या छत्राला पीठ पुरवायचा मान पायथ्याच्या एका घराकडे होता. राजाची अट एकच: "ज्या दिवशी एक पंगत उपाशी उठेल, त्या दिवशी मान दुसऱ्या घराकडे."

त्या घरचे म्हातारे सासरे ही अट उठता-बसता म्हणून दाखवत. दुसरं घर कुठलं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. ते समोरच होतं, आणि त्याचा मालक रोज ओट्यावर बसून घाटमाथ्यावरच्या धुराकडे बघत असे.

पूर्वी घरच्या बायका जात्यावर दळत. मग घाटावरची वर्दळ वाढली आणि जाती पुरेनात. तेव्हा गावाबाहेर, पाटाच्या पाण्यावर फिरणारी एक मोठी चक्की सुरू झाली. तिचा मालक गोड बोलणारा होता. "धान्य तेवढं तुमचं. न्यायला गाढवं माझी, दळण माझं, काळजीही माझीच." बायकांनी जाती माळ्यावर टाकली आणि दुपारची झोप कशी असते ते आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

चक्की चांगली होती, खोटं कशाला बोला. पण तिच्या दोन खोडी होत्या. धान्य न्यायला मालकाची गाढवं धावत येत. तेच धान्य न दळता परत मागितलं, की मात्र गाढवं तुमची, हेलपाटे तुमचे, आणि रांगेत शेवटचा नंबरही तुमचाच. दुसरी खोडी दगडांची. ते इतके वेगाने फिरत, की कोरडी ज्वारी त्यांत जळे. म्हणून मालकाने सगळ्या गावाला शिकवलं होतं, की दळणाला आधीच पाण्याचा हात लावून ठेवा. त्याने पीठ लोण्यासारखं मऊ येई. या घराने तर कोठीतलं सगळं धान्य एकदमच ओलवून ठेवायची रीत पाडली. रोज रोज कोण हात ओले करतं?

अशा घरात नवी सून आली. ती बोलायची कमी आणि बघायची जास्त. पहिल्याच आठवड्यात तिने सासऱ्यांना हळूच विचारलं, "मामंजी, ही चक्की कधी बंद पडली तर?"

सासरे हसले. थोरली जाऊ त्यांच्याहून मोठ्याने हसली. "अगं, माहेरी चक्क्या बंद पडायच्या वाटतं? इथे पाट बारमाही वाहतो, नवरीबाई. तू आपली मेथी निवड."

नव्या सुनेने मेथी निवडली.

आणि मग एके दिवशी चक्कीचा दगड तडकला. ऐन बाजाराच्या दिवशी, घाट माणसांनी भरलेला असताना.

थोरला मुलगा ओलं धान्य गाढवावर घालून शेजारच्या गावच्या बैलांच्या चक्कीवर धावला. ती एक म्हातारी चालवायची. मूठभर धान्य दगडांत गेलं मात्र, त्याचा चिकट लगदा झाला आणि बैल जागीच थांबले.

"हे काय दळण आहे का खळ?" म्हातारी कडाडली. "माझ्या दगडांना आता पुन्हा टाकी लावायला लागेल. घेऊन जा हे! आणि तुझ्या बापाला सांग, वळण एका चक्कीचं लावायचं आणि दळण दुसऱ्या चक्कीच्या दारात आणायचं, असं चालत नसतं."

त्या दिवशी शेजाऱ्यांकडून उसनं पीठ आणून कशीबशी वेळ निभावली. शेवटच्या पंगतीला अर्धी अर्धी भाकरी वाढली गेली. उपाशी कुणी उठलं नाही, पण पोट भरूनही कुणी उठलं नाही. समोरच्या ओट्यावरचा मालक त्या दिवशी उशिरापर्यंत बसून होता.

सासऱ्यांनी धसका घेतला. घाबरलेला माणूस दुसऱ्या टोकाला जातो, तसे तेही गेले. "एका चक्कीवर विसंबायचं नाही!" मग काय, थोरल्याने टेकडीवरच्या वाऱ्याच्या चक्कीशी बोलणं केलं, मधल्याने खालच्या पाटावरची नवी चक्की गाठली, आत्याबाईंनी आपल्या दिराच्या चक्कीला थोडं धाडलं, कारण दिराला वाईट वाटलं असतं. दर चक्कीचं माप वेगळं, पोतं वेगळं, दळायची तऱ्हा वेगळी. कुणाकडे किती धान्य पडून आहे ते कुणालाच सांगता येईना. माथ्यावरचा आचारी खाली ओरडत आला.

"एक भाकरी फुगते, दुसरी फाटते, तिसरी दाताखाली कचकचते! एवढ्या चक्क्या केल्यात, आता माझं वेड उतरवायला एक वैदूही ठेवा."

सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. शेवटी त्यांनी दोनच चक्क्या ठेवल्या: पाटावरची मोठी आणि त्याच पाटाच्या खालच्या अंगाची नवी. दोघींना ओलंच धान्य चाले, म्हणजे घरची रीतही बदलायला नको. "एक बंद पडली तर दुसरी आहे. आता सगळ्यांनी निवांत झोपा," असं म्हणून ते स्वतः आधी झोपले.

पुढे गावाने पाटाचं पाणी अडवून गाळ काढायला घेतला. त्या सकाळी नवी सून अंगणात धुणं वाळत घालत होती. घालता घालता तिचा हात थांबला. काहीतरी चुकत होतं. रोज कानावर येणारी घरघर आज नव्हती. मोठीची नव्हती, आणि खालचीचीही नव्हती.

ती ओलं लुगडं खांद्यावर तसंच टाकून आत आली. "मामंजी, जरा बाहेर येऊन ऐका ना."

"काय ऐकू? काहीच तर ऐकू येत नाही."

"तेच."

सासरे अंगणात उभे राहिले. थोड्या वेळाने त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी दारं दोन केली होती, पण उंबरठा एकच ठेवला होता. गाळाचं काम संध्याकाळी संपणार होतं आणि घरात उद्यापर्यंतचं पीठ होतं, म्हणून आज निभावलं. पण पाटाचा बांध फुटला असता तर?

"मग तूच सांग," ते म्हणाले. "एक चक्की ठेवावी तर दगड तडकतो. पुष्कळ ठेवाव्यात तर आचारी वेडा होतो. दोन ठेवाव्यात तर पाणी एकच. करायचं तरी काय?"

"चक्क्यांचं नंतर बघू," सून म्हणाली. "आधी धान्याचं बघू. आपण धान्य अशा रीतीने ठेवलंय, की ते एकाच घरी नांदू शकतं."

थोरली जाऊ दारातून म्हणाली, "बघा, नांदण्याचं ज्ञान कोण देतंय!" पण ती आत गेली नाही. ऐकत उभी राहिली.

सुनेची रीत साधी होती, सोपी नव्हती. कोठीतलं धान्य निवडून, पाखडून, खडखडीत कोरडं ठेवायचं. पोती घरची, माप घरचं, मग दळायला ते कुठेही जावो. मोठ्या चक्कीवर जायचं असेल तेवढ्याच दळणाला पाण्याचा हात लावायचा, आणि तोही चक्कीच्या दारात. रोजचं दळण मोठ्या चक्कीकडेच, कारण तिच्याइतकं झपाट्याने कुणीच दळत नव्हतं. कण्यांची भरड म्हातारीच्या बैलांकडे, कारण भरड काढावी तर तिनेच. गर्दीच्या दिवसांत वाऱ्याची चक्की जोडीला. खालच्या पाटावरच्या चक्कीला मात्र रामराम. आत्याबाईंच्या दिरालाही.

आणि दर महिन्याला एकदा पालट. म्हणजे मोठ्या चक्कीकडे निघालेलं दळण, काही अडलेलं नसताना, मुद्दाम दुसरीकडे वळवायचं.

या पालटावर सगळे वैतागले. सगळ्यात जास्त घरचं गाढव वैतागलं.

"बाई, आज पुन्हा टेकडी?" ते चढावर थांबून म्हणालं. "खाली एवढी छान चक्की फिरतेय. ती काय पळून जाणार आहे?"

"चक्की नाही रे जाणार. पाणी जाईल."

"पाणी जाईल तेव्हा जाईल. माझे गुडघे आज जातायत."

मोठ्या चक्कीच्या मालकाला हे कळलं. तो तणतणत आला. "माझ्यावर विश्वास उरला नाही का? इतकी वर्षं काय कमी केलं मी? आणि दारात घाईने पाणी लावून पीठ पहिल्यासारखं मऊ येईल होय?"

सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं. तिने पदर सावरला. "मऊपणा थोडा कमी येतो, ते खरं आहे काका. आम्ही तो सोडलाय. आणि विश्वास नसता तर रोजचं दळण तुमच्याकडे कशाला धाडलं असतं? भरवसा तुमच्यावर आहे. पाटावर नाही."

 मालक गूळपाणी न घेताच गेला, पण दुसऱ्या दिवशी दळण नेहमीसारखं घेतलं.

समोरच्या घरी मात्र करमणूक चालली होती. "कोरडं धान्य घेऊन टेकड्या चढतायत! आम्ही बघा, जत्रेसाठी सगळी कोठी एकदम ओलवून ठेवलीय. मान आमच्याकडे आला, की दाखवतो पीठ कसं असतं ते."

घाटमाथ्यावरच्या जत्रेचा दिवस उजाडला. घाट मुंग्यांच्या रांगेसारखा माणसांनी हलत होता. आणि सकाळीच गावात आरोळी उठली, "बांध फुटला! पाट कोरडा पडला!"

मोठी चक्की थांबली. खालची चक्की थांबली. समोरचा मालक नवं धोतर नेसून या घराच्या ओट्यापाशी आला. "दादा, वाईट वाटतं. पण मान सोडायची तयारी ठेवा." आपलंही सगळं धान्य ओलंच आहे, हे त्या नव्या धोतराच्या आनंदात त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

 सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं.

"मामंजी," ती म्हणाली, "आज पालट आहे असं समजा."

एवढं ऐकताच घर हललं. काय करायचं ते कुणाला विचारावं लागलं नाही, कारण ते सगळ्यांनी वैतागत वैतागत पुष्कळदा केलं होतं. थोरला मुलगा पोती घेऊन बैलांच्या चक्कीकडे निघाला. गाढव सांगायच्या आधीच वळलं. "हो, हो, माहीत आहे, टेकडी."

म्हातारीने पोत्यात हात घातला, दाणे तळव्यावर चोळले आणि हसली. "कोरडं आहे! आण, अजून आण. आज माझे बैल तुमच्या घरचे."

पण टेकडीवर वारा पडलेला होता. चक्कीची पाती हलत नव्हती. माथ्यावर पहिली पंगत बसत होती आणि बैल एकटे सगळ्यांना पुरे पडणार नव्हते. तेव्हा थोरली जाऊ उठली. तिने माळ्यावरचं जातं स्वतः खाली उतरवलं, पदर खोचला आणि बसली. "बघता काय सगळ्या? दुपारची झोप आज नाही!" तिची घरघर ऐकून शेजारणी आपापली जाती काढून आल्या. कोरडं धान्य जात्यालाही चालत होतं. अंगण दणाणलं. ओव्या सुरू झाल्या, आणि त्यांत समोरच्या घराचं नाव इतक्या वेळा आलं, की नवं धोतर हळूच आत गेलं.

ऊन कलायला लागलं आणि टेकडीवर वारा सुटला. पाती फिरली, आणि अशी फिरली, की गाढव खाली येतं न येतं तोच पुन्हा वर.

सगळं पीठ घरच्याच पोत्यांत, घरच्याच मापाने माथ्यावर पोचत होतं. कुठलं बैलांचं, कुठलं वाऱ्याचं, कुठलं जात्यावरचं, ते आचाऱ्याला कळलं नाही आणि त्याने विचारलंही नाही. पंगतीमागून पंगत उठत गेली.

शेवटच्या पंगतीला राजाचा कारभारी येऊन उभा राहिला. बांध फुटल्याची बातमी त्याच्याकडे पोचली होती. "कुणी उपाशी राहिलं का?" त्याने दरडावून विचारलं.

"उपाशी?" आचारी घाम पुसत म्हणाला. "साहेब, त्या खांबाजवळच्या बुवांना आधी उठवा हो. भाकऱ्यांची चळत संपवली, आता पिठलं मागतायत."

सारी पंगत हसली. कारभारीही हसला, आणि पानावर बसला.

मान त्या घरातच राहिला. समोरच्या घरचं ओलं धान्य पाटाची वाट बघत बघत आंबलं आणि म्हशींच्या पुढ्यात गेलं. म्हशींनी तक्रार केली नाही.

बांध पुन्हा बांधून झाला तेव्हा मोठ्या चक्कीचा मालक आपणहून दारात आला. आता गावातलं प्रत्येक घर धान्य कोरडं ठेवू लागलं होतं. त्याला वाटलं होतं, सगळे निघून जातील. सुनेने पहिलं दळण त्याच्याच हवाली केलं. मग त्यानेही आपली खोडी सोडली: ज्याला धान्य न दळता परत हवं असेल, त्याच्या घरी मालकाचीच गाढवं ते पोचवू लागली. आणि गंमत अशी, की परत न्यायची मोकळीक मिळाल्यावर लोक त्याच्याकडे पूर्वीपेक्षा जास्त येऊ लागले. त्याला आणखी एक चक्की घालावी लागली. ती त्याने पाटावर घातली नाही, टेकडीवर घातली.

बोध: आधार कितीही घ्यावेत, पण ते एकाच पाण्यावरचे नसावेत, आणि आपलं धान्य असं राखावं की ते कुठल्याही चक्कीवर दळता येईल.